वसंतांतील मेज आणि फुलांची बशी

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाचा पाया, घंटा, धर्मगुरूंची नामावळी व शाळेचा वृत्तांत यांना अग्रस्थान मिळावें हें योग्यच आहे. तथापि मिस्सा आटोपून भाविक घरीं परततात व जेवावयास बसतात, त्या बैठकीलाहि एक इतिहास असतो. तो कोणी लिहून ठेवीत नाहीं, आणि म्हणून बशा फुटतात त्यांबरोबर तोहि नाहींसा होतो. मेढ्याच्या खोऱ्याकडे दृष्टि ठेवून, ईस्टरच्या सकाळीं घरोघर मांडल्या जाणाऱ्या मेजाचा, त्यावरील फुलांचा व जुन्या चित्रविचित्र बशांचा माग काढण्याचें येथें योजिलें आहे. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु कोणीं कोणाच्या पंक्तीस बसावें व कोणाच्या पेल्यांतून प्यावें, एवढ्या प्रश्नावरून ज्या देशांत माणसें वाळीत पडलीं, त्या देशांत जेवणाच्या मेजाचा इतिहास किरकोळ कसा म्हणावा?

पुनरुत्थानाचा सण हा मुळांतच वसंताचा सण आहे. इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें सर्व ख्रिस्तमंडळांनीं हा सण एकाच दिवशीं पाळावा असें ठरविलें. पुढें रूढ झालेल्या गणिताप्रमाणें २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पाठचा रविवार तो ईस्टर. म्हणून हा सण २२ मार्चच्या आधीं येत नाहीं व २५ एप्रिलच्या पुढें जात नाहीं. आपल्या पंचांगाच्या भाषेंत बोलावयाचें तर ही पौर्णिमा बहुधा चैत्राची व कधीं फाल्गुनाची असते.

तत्पूर्वींच्या उपवासकाळांत वेदी फुलांनीं सजवूं नये असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. चवथा, म्हणजे आनंदाचा रविवार आणि मध्यें येणारे महोत्सव व सण, एवढाच त्यास अपवाद. पवित्र गुरुवारीं तर सायंकाळची मिस्सा संपल्यावर वेदीवरील वस्त्रहि काढून घेतात. ज्यानें ती उघडी वेदी पाहिली आहे, त्यालाच जागरणविधीच्या रात्रीं परत आलेल्या फुलांचें मोल कळतें. घरच्या मेजावर ईस्टरच्या सकाळीं जीं फुलें येतात, तीं या वेदीवरूनच येतात असें म्हणावयास हरकत नाहीं. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथांत पास्खाचें कोंकरूं, अंडीं व भाकर यांवर म्हणावयाच्या आशीर्वादाच्या प्रार्थना स्वतंत्र दिलेल्या आहेत. घरांतील जेवण व मंदिरांतील विधि यांमध्यें जुन्या लोकांनीं भिंत घातली नव्हती.

आतां आपल्या खोऱ्याकडे वळूं. साताऱ्याहून महाबळेश्वरास जाणारा एक रस्ता मेढ्यावरून केळघरच्या घाटानें वर चढतो. वेण्णा नदी त्याच्या उलट दिशेनें, महाबळेश्वरच्या माथ्यावरून खालीं येते, मेढ्याजवळून वाहत कण्हेर धरणांत सांठते व पुढें माहुलीस कृष्णेला मिळते. या वाटेनें मार्चएप्रिलांत प्रवास करणाऱ्यास बागेंतील फुलें विकत घेण्याचें कारण पडूं नये. सांवर व पळस लौकर फुलून जातात. ईस्टर मार्चांत आला तरच त्यांचा लाभ होतो. पांगाऱ्याचे लाल तुरे मात्र पुष्कळदां हाताशीं असतात. घाटमाथ्यावर अंजनीचीं निळींजांभळीं फुलें पानाच्या बगलेंत, फांदीला चिकटून येतात. परसांत पांढरा चाफा निष्पर्ण फांदीवर उमललेला असतो. आणि मोगरा नुकताच धरूं लागलेला असतो. या मोगऱ्यास तर आपल्या साहित्यांत मानाचें स्थान आहे. येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं राचोल येथें छापून प्रसिद्ध झालेल्या आपल्या क्रिस्तपुराणांत मराठी भाषेची थोरवी वर्णितांना फुलांमधील मोगरीचाच दाखला दिला आहे. परदेशी माणसाला ही तुलना सुचली, यावरून तो केवळ व्याकरण शिकला नव्हता, या मातींत वसंत पाहून राहिला होता, हें दिसतें.

आपल्या पूर्वजांच्या घरीं मेज नव्हतें. ते भुईवर पाट मांडून बसत आणि पुढ्यांत ताट किंवा पत्रावळ असे. पत्रावळीचा विचार केला म्हणजे मौज वाटते. जो पळस वसंतांत सगळें रान केशरी करतो, ज्याच्या फुलांचा रंग लोक रंगपंचमीस खेळतात, त्याचींच पानें काडीनें टांचून पत्रावळी व द्रोण होतात. फुलांचें ताट म्हणून जें आज आपण दुकानांत शोधतों, तें जावळीच्या रानांत झाडावरच तयार होतें! पळसाला पानें तीनच अशी म्हण आहे. परंतु त्या तीन तीन पानांवर मोठमोठ्या पंगती उठल्या आहेत.

धातूच्या भांड्यांतहि फूल होतेंच. पाणी पिण्याच्या लहान भांड्यास आपण फुलपात्र म्हणतों, तो शब्द कोणत्याहि इंग्रजी दुकानदाराच्या कल्पनेपेक्षां सुंदर आहे. आणि चैत्रांत शेजारच्या हिंदु घरीं चैत्रगौरीचें हळदीकुंकू होतें, त्या वेळची आरास ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना वसंतांतील मेज म्हणजे काय हें समजावून सांगणें नलगे. दारापुढें चैत्रांगणाची रांगोळी, पायऱ्या पायऱ्यांची मांडणी, कलिंगडाचीं कातरून केलेलीं कमळें, आंब्याची डाळ, पन्हें, भिजविलेले हरभरे आणि मोगऱ्याचे गजरे. हें सर्व बायकांनीं बायकांसाठीं मांडलेलें असतें. आपल्या पुष्कळ कुटुंबांच्या मागच्या पिढ्यांतील स्त्रिया हीच कला हातांत घेऊन ख्रिस्तमंदिराच्या दारीं आल्या. धर्म बदलला, तरी हात तेच राहिले. आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

चिनी मातीची बशी मात्र दूरची पाहुणी. पोर्तुगेज लोकांनीं १५१० सालीं गोवा घेतला व १५५७ च्या सुमारास चीनच्या किनाऱ्यावर मकाव येथें वसाहत केली. तेव्हांपासून निळ्यापांढऱ्या चिनी भांड्यांनीं भरलेलीं त्यांचीं जहाजें गोव्यावरून लिस्बनला जाऊं लागलीं. बशी हा शब्दच पोर्तुगेज बासिया या शब्दावरून आपल्या भाषेंत आला असें मानतात. पाव आणि घमेलें यांचेंहि कुळ तेंच. युरोपांत त्या काळीं ही माती कशी भाजतात हें कोणालाच ठाऊक नव्हतें. जर्मनींतील मायसेन येथें १७१० सालीं पहिला कारखाना निघाला, पण तेथील कृति कुलुपांत होती. चीनमधील खरी कृति युरोपला सविस्तर कळली ती एका मिशनऱ्याच्या पत्रांतून. फादर फ्रान्स्वा झेवियर दान्त्रकोल हे फ्रेंच जेझुइट जिंगदेझेन या भट्ट्यांच्या शहरीं राहत असत. त्यांनीं १७१२ व १७२२ सालीं दोन लांब पत्रें लिहून माती कोठली, ती कशी मळतात, झिलई कशी देतात, भट्टी किती वेळ पेटती ठेवतात, हें सर्व कळविलें. त्यांना ही माहिती देणारांत भट्टींत राबणारे त्यांचे चिनी ख्रिस्ती शिष्य होते. आपल्या फडताळांतील कपबशीमागें अशा नांवगांव नसलेल्या कॅथोलिक कुंभारांचाहि हात आहे, हें किती जणांस ठाऊक असेल?

बशीवरील फुलांची कथा याहून निराळी, व ती आपल्या देशास अधिक जवळची. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांतील चीट, म्हणजे वेलबुट्टीचें रंगीत सुती कापड, कंपन्यांच्या जहाजांतून युरोपांत गेलें. त्यावरील पक्के रंग व फुलांच्या वेली पाहून तिकडील स्त्रिया इतक्या लुब्ध झाल्या कीं तेथील विणकरांनीं आकांत मांडला. फ्रान्सनें १६८६ सालीं व इंग्लंडनें १७२१ सालीं अशा कापडावर बंदी घातली. कापड अडविलें, परंतु फूल अडलें नाहीं. मायसेनच्या भांड्यांवर पूर्वेकडच्या धर्तीचीं जीं फुलें रंगवीत, त्यांस तेथील लोक इंडियन फुलें म्हणत, मग त्यांची रेखाटणी चीनजपानची कां असेना! पुढें इंग्लंडांत स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनीं तांब्याच्या पत्र्यावर खोदलेलें चित्र कागदावर घेऊन बशीवर उठविण्याची युक्ति वाढविली. जोसाया स्पोड यानें १७८४ च्या सुमारास ती निळ्या रंगांत सिद्ध केली, आणि फुलांची बशी गरिबांच्या आवांक्यांत आली. १९२८ पासून ग्रिमवेड्स कंपनीनें सबंध बशीभर दाट फुलें छापण्याचा प्रकार काढला. त्याला नांवच मुळीं चीट असें मिळालें. म्हणजे आमचीच चीट दोनशें वर्षांनीं बशी होऊन आमच्या घरीं परत आली.

आमच्या डोंगरांत ती कोणत्या वाटेनें चढली? साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून १८२९ सालीं महाबळेश्वर इंग्रजांकडे गेलें, त्याच्या बदल्यांत महाराजांना खंडाळा मिळाला, आणि गव्हर्नर माल्कम याच्या नांवानें माल्कम पेठ वसली. उन्हाळ्यांत मुंबईचे साहेबलोक सगळा संसार बैलांवर घालून वर येत. त्या संसारांत मेज, चादरी व बशांच्या पेट्या असत, आणि त्या मांडणारे हात बहुधा गोंवेकर खानसाम्याचे व बटलराचे असत. महाबळेश्वरचें होली क्रॉस चर्च १८३१ सालचें. पांचगणीस १८९५ सालीं डॉटर्स ऑफ द क्रॉस या संघाच्या भगिनींनीं सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंटची शाळा काढली. चिनी बशीबरोबर चिनी माणसेंहि या डोंगरावर आलीं होतीं, ही गोष्ट पुष्कळ लोक विसरले आहेत. १८३४ पासून १८६४ पर्यंत माल्कम पेठेच्या तुरुंगांत चिनी व मलायी कैदी असत. ते बटाटे व परदेशी भाजीपाला पिकवीत आणि टोपल्या विणीत. त्यांनीं बशी घडविली नाहीं. पण तिच्यांत वाढावयाचें जिन्नस घडविले. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, जिला २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ती ईस्टरच्या वेळीं हंगामाच्या शेवटास आलेली असते. पांढऱ्या बशींत तिच्यासारखी शोभा दुसऱ्या फळाची नाहीं.

येथवर शोभेची कथा झाली. परंतु चिनी कपबशीची दुसरी कथा आहे, आणि ती सांगितल्यावांचून पहिली अपुरी राहील.

धातूचें भांडें राखेनें, चिंचेनें, विस्तवानें शुद्ध होतें. मातीचें होत नाहीं, असा शास्त्राचा निर्वाळा. चिनी माती झाली तरी मातीच. म्हणून सोंवळ्याच्या स्वयंपाकघरांत तिला मज्जाव असे, आणि जिच्यांतून कोणी परका प्याला ती कपबशी वेगळी, बाहेर कोनाड्यांत ठेवीत. ती कोणासाठीं होती, हें आलेल्या माणसाला न सांगतां समजे. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें (हें मिशन कॅथोलिक नव्हे, अँग्लिकन पंथाचें) व्याख्यानास जमलेल्या मोठमोठ्या गृहस्थांपुढें चहाबिस्किटें आलीं. कोणीं चहा घेतला, कोणीं पेला नुसता हातीं धरला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वृत्तपत्रांतून बाहेर पाडलीं आणि पुण्यांत वादळ उठलें. त्या यादींत न्यायमूर्ति रानडे व टिळक यांचींहि नांवें होतीं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, व प्रायश्चित्ताचे प्रश्न वर्षानुवर्षें चघळले गेले. ज्या चहाचा घोट दोन मिनिटांत संपला, त्याची किंमत अशी द्यावी लागली.

हें झालें थोरांचें. ज्यांना प्रायश्चित्ताचीहि सोय नव्हती त्यांचें काय? १९०१ सालीं साताऱ्याहून वडिलांना भेटावयास निघालेला भीमराव आंबेडकर हा मुलगा आपल्या भावासह व भाच्यांसह मसूर स्टेशनावर उतरला. पुढल्या गाडीवाटेवर त्यांच्यापाशीं जेवण बांधलेलें होतें. पाणी मात्र त्यांना कोणी दिलें नाहीं, आणि तीं मुलें रात्रभर तहानेलीं राहिलीं. ही वाट आपल्याच जिल्ह्यांतील. त्याच साताऱ्यांत १९२४ सालीं भाऊराव पाटील यांनीं सर्व जातींच्या मुलांचें एक वसतिगृह चालविलें, जेथें सगळे एका पंक्तीस जेवत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहू बोर्डिंग हें नांव मिळालें. मुलांच्या जेवणाची सोय करण्यासाठीं लक्ष्मीबाई पाटील यांनीं आपलें मंगळसूत्र विकलें, ही हकीकत साताऱ्याकडे अजून सांगतात. त्या पंक्तींत फुलें नव्हतीं, चीट नव्हती. तरीहि साताऱ्याच्या मेजांचा इतिहास लिहावयाचा तर पहिलें पान त्या पंक्तीस द्यावें लागेल.

आपण या बाबतींत निर्दोष आहों असा आव कोणीं आणूं नये. एका वेदीवरून एकच भाकर घेतलेल्या लोकांनीं देवळाबाहेर जात पाहिल्याचे दाखले ख्रिस्ती समाजांतहि आहेत. संत पौलानें करिंथकरांस जी कडक शब्दांत समज दिली, ती जेवणावरूनच: धनवान आधीं जेवून तृप्त आणि गरीब उपाशी. मेजावर फुलें किती होतीं हें त्यानें विचारलें नाहीं. म्हणून ईस्टरच्या दिवशीं पाहुण्याला निराळी बशी काढण्याची संवय कोणा घरांत उरली असेल, तर ती बशी त्याच सकाळीं बाकीच्या बशांत मिसळून टाकावी.

आणि येथेंच जुन्या बेजोड बशांचें खरें सुख आहे. सबंध संच आतां कोणाकडेच नसतो. एक आजीची, एक बाजारांतून आणलेली, एक लग्नांत आलेली. अशा सहा तऱ्हेच्या सहा बशा पांढऱ्या चादरीवर मांडल्या म्हणजे कोणती मानाची व कोणती हलकी हा प्रश्नच उरत नाहीं. एवढेंच पहावें कीं त्यांत एक रंग समान असावा, निळा म्हणा वा गुलाबी, म्हणजे डोळ्यास गोंधळ वाटत नाहीं. खालीं पळसाचें पान घातल्यास उत्तम. फुलें ठेंगणीं ठेवावीं. समोरच्या माणसाचें तोंड दिसलें पाहिजे. चाफ्याचीं फुलें पितळी घंगाळांत पाण्यावर सोडावीं, अंजनीची डहाळी तांब्यांत उभी करावी. मोगरा जेवणाच्या मेजावर अगदीं थोडा असावा, नाहींतर रश्श्याचा वास लागत नाहीं. तो उठतांना पाहुण्यांच्या हातीं द्यावा. कण्हेर कितीहि फुललेली असली तरी मेजावर आणूं नये, कारण तिचें सर्व अंग विषारी आहे. जुन्या कंदिलाची चिमणीहि फुलांस चांगली. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस १९१६ सालीं निघालेल्या ओगले कांच कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळीं गांवोगांव जळत असे. त्याची कांच माळ्यावर सांपडली तर टाकूं नये.

बशांच्या निगेविषयीं थोडें. राख, चिंच व काथ्या यांनीं पितळ उजळतें, पण बशीवरील सोनेरी कांठ व रंगविलेलीं फुलें पुसून जातात. ज्या बशीच्या झिलईंत बारीक भेगा पडल्या आहेत तींत दूध वा कालवण घालूं नये. तें आंत मुरतें. जुन्या रंगांत व झिलईंत शिसें असण्याचा संभव असतो, यास्तव पन्हें, लोणचें, लिंबू असे आंबट पदार्थ जुन्या रंगीत भांड्यांत ठेवूं नयेत. तेथें कांच किंवा नवी बशी बरी. जुनीला पाव, अंडीं, केक व फळें पुरेत.

बशी उपडी करून पाहण्याची संवय लावून घ्यावी. तिची जन्मपत्रिका तळाशीं असते. चौकोनी हिऱ्याच्या आकाराची इंग्रजी नोंदणीची खूण असेल तर ती १८४२ ते १८८३ मधील. नुसता नोंदणीचा क्रमांक असेल तर १८८४ नंतरची. इंग्लंड हा शब्द बहुधा १८९१ नंतर येतो, कारण त्या सालापासून अमेरिकेनें परदेशी मालावर देशाचें नांव असलेंच पाहिजे असा कायदा अंमलांत आणला. ताब्यांतील जपान अशा अर्थाची इंग्रजी अक्षरें असल्यास ती दुसऱ्या महायुद्धानंतरची व १९५२ पूर्वींची.

परंतु घरची पत्रिका तळाशीं नसते. पितळेच्या व स्टीलच्या भांड्यावर आपण नांव घालून घेतों. कोणीं दिलें, कोणास दिलें, कोणत्या तारखेस, सारें ठोक्यांनीं कोरलेलें असतें, आणि घागर मोडींत जाईपर्यंत टिकतें. चिनी बशीवर ठोका चालत नाहीं. म्हणून ती कोणाच्या लग्नांत आली, कोणत्या बंगल्यांत कोणीं चाकरी केली तेव्हां मिळाली, हें सांगणारी म्हातारी गेली कीं बशी मुकी होते व दहा रुपयांस भंगारवाल्याच्या टोपलींत जाते. या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक घरानें एका वहींत आपल्या बशांचीं टिपणें करावीं: नक्षी कशी, तळाशीं खूण कोणती, आली कोठून, आणि पहिल्यानें तिच्यावर कोणाला जेवूं घातलें. बशीच्या तळाशीं चिठ्ठी चिकटवूं नये. पहिल्याच धुण्यांत ती सुटते.